तिघांचा सिनेमा-पॉडकास्ट: ट्रॅक मागेपुढे होतात, शिवाय क्लिप आणि स्पॉयलरचे प्रश्न

मध्यंतर:
सिनेमा-मालिकांवर चर्चा, तिघं तीन ठिकाणी. बोलतो कॉलवर, पण प्रत्येक जण आपला आवाज स्वतःच्या मशीनवर वेव्ह फाइलमध्ये घेतो, सगळ्यांचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने). सुरुवातीच्या टाळीवर ट्रॅक जुळवतो, तरी तासाभराने एकाचं हसू पाव सेकंद उशिरा येतं. दुसरं म्हणजे, संवादांच्या क्लिप किती सेकंद चालतात? आणि स्पॉयलरचा इशारा कसा द्यावा?

फेडर:
सेटिंग एकच असलं तरी दोन मशीनची नमुने मोजणारी घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. तासाला पाव सेकंद म्हणजे दहा लाखांत साधारण ७० चा फरक, साध्या उपकरणांत तो दिसतोच. टाळीवर मात्र फार विसंबू नका, कारण 'तीन-दोन-एक' कॉलमधून उशिरा पोहोचतं. त्यापेक्षा कॉलचंही रेकॉर्डिंग ठेवा आणि प्रत्येकाचा ट्रॅक त्यावर बसवा. सुरुवातीचा एक शब्द आणि शेवटचा एक शब्द धरून दोन्हींकडे अंतर मोजा. कॉलमध्ये ३६०० सेकंद आणि ट्रॅकमध्ये ३६००.२५ असतील, तर ट्रॅक ०.००७ टक्क्यांनी वेगवान करायचा. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी चेंज स्पीड अँड पिच घ्या (जुन्या आवृत्त्यांत नुसतं चेंज स्पीड), पट्टी तीच ठेवून वेग बदलणारं चेंज टेम्पो नको. एवढ्याशा बदलाने आवाजाची पट्टी हललेली कुणालाही कळत नाही, टेम्पोमुळे मात्र आवाज कृत्रिम होऊ शकतो.

कटपेस्ट:
त्याआधी मधली दोन-तीन ठिकाणं ऐका. फरक हळूहळू वाढत असेल तर वरचा उपाय बरोबर. पण ४० मिनिटं सगळं जुळतंय आणि मग एकदम उडी, असं असेल तर मशीनवर ताण येऊन मधला तुकडा गळलाय. तिथे ट्रॅक कापून पुढचा भाग सरकवा. वेग बदललात तर जुळलेला भागही बिघडेल.

तिसरी घंटा:
'अमुक सेकंदांपर्यंत चालतं' असा नियम नाही, कितीही ऐकलं असलं तरी. बऱ्याच देशांचे कायदे समीक्षेसाठी सवलत देतात, पण क्लिपवर खरंच बोललात तर. नुसती सजावट म्हणून वाजवली तर बाजू लंगडी पडते. यूट्यूबवर टाकणार असाल तर पार्श्वसंगीत नसलेला संवाद निवडा, कारण तिथली आपोआप ओळखणारी यंत्रणा समीक्षा-बिमीक्षा जाणत नाही. आणि क्लिप कॉलमधून आलेली वापरू नका. कॉलमधली गोंगाट दाबणारी सोय (नॉइज सप्रेशन) संगीताला गोंगाट समजून खाऊन टाकते. बोलताना सगळ्यांना ऐकवा (हेडफोन घालूनच, नाहीतर ती माइकमध्ये शिरते) आणि एडिटमध्ये मूळ ध्वनी बसवा.

मध्यंतर:
आभार. स्पॉयलरची वेळ वर्णनात लिहिली तर पुरेल ना?

फेडर:
पॉडकास्ट जिथे ठेवता ती होस्टिंग सेवा मागाहून जाहिराती घुसवत असेल तर नाही. सुरुवातीला ६० सेकंदांची जाहिरात आली की वर्णनातल्या सगळ्या वेळा मिनिटभर चुकतात. स्पॉयलर भागाच्या शेवटी ठेवा, आधी तोंडी सांगा आणि दरवेळी तीच छोटी धून वाजवा.