अख्खी असेंब्ली? आधी क्लच दाबून बघा

एकाच्या गाडीत गिअरबॉक्सकडून आवाज येतोय, तर गिअरबॉक्स गेला, पूर्ण असेंब्लीच (म्हणजे अख्खा गिअरबॉक्सच नवा) टाका, असं सर्व्हिस ॲडव्हायजर त्याला म्हणाला, मला तरी ही घाई वाटते. गिअर ऑइल बदलून बघा हा इतरांनी त्याला दिलेला सल्ला ठीक, पण त्याआधी फुकटातली टेस्ट करा. गाडी उभी, न्यूट्रलमधे, इंजिन चालू. क्लचवर पाय नसताना घरघर येते आणि पेडल दाबलं की गप्प होते तर संशय इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधे आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर, ते बॉक्सच्या आत असतं. उलट दाबल्यावरच किरकिर सुरू होत असेल तर बहुतेक रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं), त्यासाठी बॉक्स खाली उतरवावा लागतो पण उघडावा लागत नाही, बिलात केवढा फरक पडतो बघा! आणि उभ्या गाडीत काहीच नाही, फक्त स्पीडबरोबर वाढतो असं असेल तर आधी व्हील बेअरिंग तपासून घ्या.

माझ्या गाडीत फक्त तिसऱ्या गिअरला कुंईं आवाज यायचा, तर "सगळ्या गाड्यांना असतो सर" हे ठरलेलं उत्तर. मग ॲडव्हायजरला सोडून फ्लोअरवरच्या मेकॅनिकलाच शेजारी बसवून चक्कर मारली आणि ऑइल समोर काढायला लावलं. ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या बोल्टच्या) मॅग्नेटवर राखाडी चिखल असतोच, ते नॉर्मल, पण इथे बोटाला टोचतील असे कण निघाले. फोटो काढला, जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर) "थर्ड गिअर नॉइज" आणि किलोमीटर लिहून घेतले. वॉरंटी संपत आली होती, काम होईपर्यंत संपलीही, पण तक्रार आधीची नोंदलेली म्हणून बिल लागलं नाही. नुसतं "जनरल चेकअप" लिहिलेल्या जॉबकार्डवर सही करू नका.