डॉल्फिनचं फेरिटिन माणसासारखंच दिसतंय, मग एवढं लोह सांभाळतात कसं?

सागरवेडी (औंध):
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी एनसीबीआय ह्या जनुकांच्या ऑनलाइन साठ्यावरून बॉटलनोज डॉल्फिनचं एफटीएच१ (लोह साठवणाऱ्या फेरिटिन प्रोटीनचं जनुक) उतरवून माणसाच्याशी जुळवलं, तर प्रोटीनमध्ये फरक जवळपास नाहीच. श्वास धरून एवढं खोल जाणारा प्राणी, मग लोह साठवायच्या जनुकात काहीच बदल नको का? आणि ब्लास्टला (सारखे सीक्वेन्स शोधणारं साधन) एफटीएच१ शी जुळणाऱ्या ढीगभर हिट येतायत, त्या सगळ्या चालू कॉप्या धरायच्या का? कुणीतरी नीट सांगा प्लीज.

रेणूवाला (कर्वेनगर):
फरक नाही हे बरोबरच आहे. फेरिटिन म्हणजे एच आणि एल अशा दोन प्रकारच्या २४ तुकड्यांचा पोकळ गोळा, आत साधारण ४५०० लोह अणू मावतात, एच तुकडा (एफटीएच१ वरून बनतो तो) लोहाचं ऑक्सिडेशन करतो आणि एल आत त्याचे कण जमवायला मदत करतो, ह्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी सुटं लोह पेशीत फिरून नासधूस करतं, म्हणून सस्तन प्राण्यांत हे फारसं बदललेलंच नाही. डुबकीसाठीचा बदल मायोग्लोबिनमध्ये, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन साठवणाऱ्या प्रोटीनमध्ये बघ. स्पर्म व्हेलचं मांस जवळजवळ काळं दिसतं ते त्याच्यामुळेच. २०१३ च्या सायन्समधला पेपर काढ, खोल जाणाऱ्यांत ह्या प्रोटीनच्या पृष्ठभागावर धन भार वाढलेला असतो, रेणू एकमेकांना ढकलतात, त्यामुळे स्नायूत खच्चून भरले तरी गुठळी होत नाही. मला तर हे फार सुंदर वाटतं.
हिट्सचं म्हणशील तर बहुतेक स्यूडोजीन (जनुकाच्या बंद पडलेल्या कॉप्या) असणार, एफटीएच१ चे असे खूप असतात. खऱ्या जनुकात तीन इन्ट्रॉन (प्रोटीन बनण्याआधी कापले जाणारे मधले भाग) असतात, ज्यात एकही नाही आणि मधेच स्टॉप कोडॉन (प्रोटीन इथे संपवा अशी खूण) आलाय ते बाजूला काढ.

पशुवैद्य_पुणे:
डॉल्फिनचं लोह बिघडतंही बरं का. माणसांनी पाळलेल्या बॉटलनोजमध्ये यकृतात लोह साचतं, रक्तातलं फेरिटिन चढतं, आणि उपाय म्हणून शेपटीच्या शिरेतून ठराविक दिवसांनी रक्त काढतात, माणसाच्या हिमोक्रोमॅटोसिसला (शरीरात जादा लोह साचण्याचा आजार) करतात तसंच. तेव्हा हेप्सिडिन आणि एचएफई ही शरीरातलं लोह नियंत्रित करणारी जनुकंपण घे.

सागरवेडी (औंध):
थँक्यू दोघांनाही! मग एफटीएच१ सोडूनच देऊ का?

रेणूवाला (कर्वेनगर):
अजिबात नको गं. कोडिंग भागाच्या आधीचा यूटीआर (ज्यापासून प्रोटीन बनत नाही तो भाग) बघ, तिथे आरएनएची हेअरपिन, म्हणजे दुमडलेली गाठ असते, टोकाशी सीएजीयूजी ही अक्षरं, लोह कमी असलं की आयआरपी नावाचं नियंत्रक प्रोटीन तिथे चिकटून फेरिटिन बनणं थांबवतं. प्रोटीन तेच राहून नियंत्रण बदलू शकतं. फक्त प्रोटीनचा सीक्वेन्स घेतलास तर हा भाग दिसणारच नाही, एमआरएनए (प्रोटीन बनवण्यासाठी जनुकावरून उतरलेली आरएनए प्रत) घे.