गोधडी अर्धी, स्वेटरला बाह्या नाहीत, गच्ची तहानलेली: पाळीच्या नोकरीत तिन्ही कसं जमवायचं?

वाईची_सिस्टर
नमस्कार मंडळी. राहते वाईला, नोकरी साताऱ्यात, स्टाफ नर्स. पाळ्या बदलत्या. एक आठवडा सकाळ, मग दुपार, मग रात्र. त्यामुळे 'रोज संध्याकाळी एक तास ठरवून घ्या' हा सल्ला कृपया देऊ नका. माझी संध्याकाळ कधी वॉर्डात असते, कधी झोपेत.

घरात सध्या तीन कामं पसरलेली आहेत. पहिलं, गोधडी. खालीवर आईच्या नऊवारी, आत बाबांची धोतरं आणि माझे जुने कॉटनचे ड्रेस. चहूबाजूंनी कडेच्या फेऱ्या मारून झाल्यात, मधला मोठा चौकोन तसाच उघडा आहे. हॉलमध्ये अंथरली की नवरा तिच्यावरून उडी मारून स्वयंपाकघरात जातो आणि प्रत्येक वेळी 'ऑलिम्पिकला नाव देतो' म्हणतो.

दुसरं, भाच्याचा स्वेटर. पुढचा आणि मागचा भाग तयार आहे, बाह्या राहिल्यात. पोरगा काही माझ्या बाह्यांसाठी वाढायचा थांबणार नाही.

तिसरी गच्ची. मोगरा, मिरच्या, गवती चहा, कढीपत्ता, आणि ड्रम कापून केलेल्या वाफ्यात मेथी. मे महिन्यात पाणी एक दिवस चुकलं तर मिरची मान टाकते.

आता विचारायचं ते असं. तिन्ही चालू ठेवू का दोन गुंडाळून एक संपवू? गुंडाळायची तर गोधडी पावसाळ्यात कशी ठेवायची? आमचं घर पसरणी घाटाच्या पायथ्याच्या बाजूला, जुलैत कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. आणि एक वेगळीच अडचण. दिवसभर सॅनिटायझर चोळून बोटं इतकी खरखरीत होतात की लोकरीचा धागा अडकतो, तंतू निघतात. गच्चीत माती कालवली की आणखी वाईट. ह्यावर कुणाकडे काही आहे का?

धावदोरा
सिस्टर, मी कोल्हापूरची, आमच्याकडे वाकळ म्हणतात. आयुष्यभर शिवत आले म्हणून हक्कानं सांगते. तुझी वाकळ आता गुंडाळलीस तरी तिला काही होत नाही, फक्त मधल्या भागात कच्चे टाके घातलेस का ते बघ. नसतील तर एक दुपार बसून वीतभर अंतरावर लांब लांब टाके घालून घे. नाहीतर उलगडशील तेव्हा आतली धोतरं सरकून एका कोपऱ्यात गोळा झालेली असतील, आणि वरची साडी ताणली जाईल ते वेगळंच.

घडी घालू नकोस, वळकटी कर. घडीच्या जागी जुनं सुती विरतं. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आत ओल कोंडते आणि काळे ठिपके पडतात. धुतलेल्या जुन्या चादरीत गुंडाळ, आत सुकवलेला कडुनिंबाचा पाला टाक, आणि जमिनीवर नको, माळ्यावर किंवा पलंगावर ठेव. पाऊस उघडून चांगलं ऊन पडलं की तासभर उन्हात टाकायची.

सगळ्यात मुख्य म्हणजे सुई टोचून ठेवू नकोस. दमट हवेत गंजते आणि गंजाचा डाग जन्मात जात नाही. आईच्या साडीवर तो नको.

हातांचं सोपं आहे. घरी आलीस की खोबरेल तेल चोळ, पाच-दहा मिनिटांनी डाळीच्या पिठानं हात धू. नुसतं तेल लावून लोकर धरशील तर लोकर तेलकट होईल.

कुंडीवाला_नाशिक
ताई, लोकर आणि कापड थांबतं, झाड थांबत नाही. म्हणून बागेला या तिघांच्या रांगेत उभंच करू नका. तिची सोय अशी लावा की तुमची रात्रपाळी तिला कळणारही नाही.

मोठ्या ड्रममध्ये मातीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा. पाणी हळूहळू पाझरत राहतं. मडकं बिनरंगाचं हवं, रंगवलेलं पाझरत नाही. कुंड्यांवर वाळक्या पालापाचोळ्याचा तीन-चार बोटं जाड थर द्या, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. मिरचीच्या कुंड्या दुपारी सावली येईल अशा भिंतीला सरकवा. एवढं केलंत की पाणी घालण्याचा ताण बराच उतरेल.

जूनमध्ये पाऊस धरला की पाण्याचं काम जवळपास संपतंच. तेव्हा भेंडी, गवार टोचून टाका. मेथी मात्र भर पावसात नको, सडते, गणपतीनंतर पेरा. मोगऱ्याचा फुलांचा बहर ओसरला की शेंडे खुडा, छाटणी थंडीत. गच्चीवर पाणी साचत नाही ना आणि कुंडीची भोकं मोकळी आहेत ना, एवढं पावसाआधी बघा.

माती कालवताना रबरी हातमोजे घाला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोज घालताच.

वाईची_सिस्टर
धावदोरा काकू, सुई खरंच टोचलेली होती. वाचता वाचता उठून काढली. गंज नाही, बरं झालं.

कुंडीवाले दादा, मडक्याची युक्ती नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, 'हे माझ्याकडे दे, म्हणजे निदान उड्या मारायचं वय नाही हे सिद्ध होईल.' तेव्हा बाग त्याच्याकडे गेली असं धरायला हरकत नाही.

एकावेळी_एक
थोडं कडू बोलतो. मीही विणतो, पुरुष असूनही, आणि माझा अनुभव असा की तिन्ही चालू म्हणजे तिन्ही अर्धी. बाह्या संपवा, मग गोधडीचं नाव काढा.

वाईची_सिस्टर
कडू नाही, पण माझ्या बाबतीत पटत नाही. वाई-सातारा एसटीत मला जाताना-येताना बसून वेळ मिळतो. तिथे गोधडी नेता येत नाही आणि झाडंही नेता येत नाहीत. आणि सुट्टीच्या दुपारी जमिनीवर मांडी घालून वाकळ शिवताना जी पाठ मोकळी होते, ती लोकर विणून होत नाही. तो वेळ बाह्यांना देऊन काय साधणार? एकाचा वेळ दुसऱ्याच्या कामाचा नाहीच मुळी.

म्हणजे ठरलं असं: बाह्या एसटीत, गोधडीला पावसाआधी फक्त कच्चे टाके आणि मग वळकटी, पुढचं शिवण दिवाळीनंतर. अडचण एकच, एसटीत लांब सुयांचं टोक शेजारणीला लागतं. मागे एका मावशींनी 'इंजेक्शन नको गं बाई' म्हणून जागाच बदलली.

एकावेळी_एक
मग माघार. वायरची गोल सुई घ्या. दोन्ही टोकं आखूड, मधे प्लास्टिकची वायर. सरळ विणकामही तिच्यावर होतं, ओळ संपली की उलटं फिरवायचं. टाके वायरवर राहतात, ब्रेक लागला तरी निसटत नाहीत. स्वेटर १० नंबरच्या सुयांवर असेल तर गोल सुई ३.२५ मिलिमीटरची मागा, पाकिटावर हल्ली मिलिमीटरच असतात. आणि दोन्ही बाह्या एकाच सुईवर, लोकरीच्या दोन वेगळ्या गुंड्यांनी, बरोबरीनं विणा. वाढवायचे टाके दोन्हीकडे एकाच ओळीला पडतात, लांबी आपोआप सारखी येते.

वाईची_सिस्टर
दोन गुंड्या एसटीत? गुंता होईल हो.

एकावेळी_एक
दोन वेगळ्या कापडी पिशव्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. एका ओळीला सुई डावीकडून फिरवली तर पुढच्या ओळीला उजवीकडून, म्हणजे धाग्यांना पीळ पडत नाही. लोकर पुरेल का ते आधी बघा. कमी वाटली तर लेबलावरचा लॉट नंबर दाखवूनच आणा, नाहीतर एक बाही फिकी दिसेल.

धावदोरा
आणि बाही दोन बोटं जास्तच विण गं. भाचा आहे, दुमडून घालेल.