नाशिक-दिल्ली विमान: अंतर हजार किमीसुद्धा नाही, मग दोन तास कसे?

गोदाकाठची:
जानेवारीत सासूबाईंना घेऊन दिल्लीला जायचंय, नणंदेकडे. गुडघे दुखतात, राजधानी एक्सप्रेसमध्ये रात्र काढणं त्यांना जमणार नाही, म्हणून विमान. नकाशावर ओझर (आपलं नाशिकचं विमानतळ) ते दिल्ली सरळ रेघ ९९० किमीच्या आसपास येते. विमान ताशी ८०० ने उडतं म्हणतात, म्हणजे सव्वा तास झाला. तिकिटावर मात्र दोन तासांच्या जवळपास! सासूबाई विचारतात, "मधे कुठे थांबतं का गं?" दीर म्हणतात मुंबईहून जा, तिथून फेऱ्या जास्त. काय करू?

मिगवाले काका:
ताई, मधे कुठेही थांबत नाही, सासूबाईंना निर्धास्त सांगा. तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते. ओझरला विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, ते दिल्लीत जागेवर लागेपर्यंत. दिल्लीत चाकं टेकल्यावरही गेटपर्यंत बराच वेळ नुसतं रांगत जातं. शिवाय ८०० चा वेग वर गेल्यावरचा, चढता-उतरताना कुठला? आणि विमान तुमच्या रेघेवरून जात नाही. हवाई मार्ग ठरलेले असतात, दिल्लीजवळ गर्दी असली तर घिरट्या घालत ताटकळायचं. कंपन्या थोडी जास्तीची मिनिटं धरतात ती वेगळीच, म्हणजे 'वेळेआधी पोचलो' म्हणायला मोकळे.

माझी सगळी नोकरी ओझरच्या कारखान्यात गेली, १९६४ पासून तिथं मिग या लढाऊ विमानांचं काम. लढाऊ विमानाला असं रांगेत कोण उभं करतंय!

वाऱ्याचंही सांगतो. थंडीत उत्तर भारतावर खूप उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारा वाहतो. दिल्लीहून कोलकात्याला जाताना तो विमानाला पळवतो, येताना अडवतो. तुमची वाट बरीचशी दक्षिणोत्तर, वारा कुशीला लागतो. त्यामुळे जाता-येता फार फरक पडत नाही.

द्वारका सर्कल:
मुंबईचं डोक्यातून काढा. नाशिकच्या द्वारका चौकातून दहावा मैल नावाचा फाटा, तिथून जानोरीकडे वळलं की विमानतळ. मुंबई विमानतळ दीडशे किमीच्या वर. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाचा त्रास टळतो खरा, पण पुढे भिवंडी-ठाणे कुणाला चुकलंय? वर मुंबई-दिल्ली हवाई अंतर ओझरपेक्षा जास्तच.

गोदाकाठची:
धन्यवाद! मग ओझरच. जानेवारीत काही अडचण?

मिगवाले काका:
धुकं. दिल्लीत जानेवारीत पहाटे-सकाळी विमानं तासन्‌तास लटकतात. ओझरहून फेऱ्या मोजक्याच, एक रद्द झाली तर लगेच दुसरी मिळेलच असं नाही. मुंबईचा तेवढा फायदा मी मान्य करतो. म्हणून परतीचं तिकीट सकाळचं घेऊ नका, दुपारनंतरचं मिळतंय का बघा, आणि पोचल्या दिवशीच काही महत्त्वाचं काम ठेवू नका. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. दिल्लीत चालणं फार आहे, आपल्या ओझरसारखं नाही.