कॉरिंथ युद्धात योगायोगाने सापडलं नव्हतं
या चर्चेत कुणीतरी गेटिसबर्ग गावाचं उदाहरण देऊन म्हटलंय की अमेरिकेच्या यादवी युद्धात छोटी गावं केवळ योगायोगाने लढाईत सापडली. गेटिसबर्गपुरतं ते बरंचसं खरं आहे, पण मिसिसिपीतल्या कॉरिंथला अजिबात लागू होत नाही. ते गाव वसलंच मुळी दोन रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात म्हणून. मेम्फिस-चार्ल्सटन आणि मोबाइल-ओहायो. एप्रिल १८६२ मधली जवळच्या शायलोची लढाई या रेल्वेफाट्यापायीच झाली. नंतर उत्तरेचा सेनापती हॅलेक लाखभर फौज घेऊन गावावर आला, तेव्हा गाव राखणाऱ्या दक्षिणेच्या बोरेगार्डने रिकाम्या गाड्या आणवून सैनिकांना जयघोष करायला लावला, जणू नवी कुमकच येतेय, आणि ३० मेच्या पहाटेपर्यंत सगळं सैन्य गुपचूप काढून नेलं.

पण या चर्चेत कुणीच न लिहिलेली आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्यानंतरची आहे. गाव उत्तरेच्या ताब्यात आल्यावर आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे जमू लागले. त्यांची छावणी हजारोंची झाली. त्यांनी घरं, चर्च, शाळा, दवाखाना उभारला, सामायिक शेती केली. ज्यांना अक्षर शिकवणं गुन्हा होता ती माणसं तिथे वाचायला शिकली. त्यांच्यातल्या पुरुषांची उत्तरेच्या सैन्यात एक पलटणही उभी राहिली, तिचं नाव ‘पहिली अलाबामा, आफ्रिकी वंशाची’. १८६३ अखेरीस लष्कराने छावणी मेम्फिसला हलवली आणि पिकती शेतं मागे राहिली. याचं मला फार वाईट वाटतं. कॉरिंथबद्दल लिहिताना नुसते सेनापती मोजू नका, एवढीच विनंती.