मेडिआला निर्दोष ठरवून काय साधलं?

पूर्वरंग: ग्रीक पुराणकथा नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांचा एक साचा झालाय: बाई फसवली गेली, तिने सोसलं, म्हणून ती निष्पाप. मेडिआ म्हणजे जेसनची बायको; त्याने कॉरिंथ शहराच्या राजकन्येशी लग्न केल्यावर सूडापोटी स्वतःचीच मुलं मारणारी, ही तिची प्रसिद्ध कथा. क्रिस्टा वोल्फ यांच्या १९९६च्या जर्मन कादंबरीत मात्र मेडिआ मुलांना मारतच नाही, कॉरिंथकर मारतात. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात (इ.स.पू. ४३१) बघा. हद्दपारीआधी ती कॉरिंथचा राजा क्रिऑनकडून एक दिवसाची मुदत मागून घेते. अथेन्सचा राजा एजिअसकडून आश्रयाची शपथ वदवून घेते. मग विषारी वस्त्र आणि मुकुट मुलांच्याच हाती सवतीकडे धाडते. एवढं डोकं चालवणारीला नुसती सोसणारी का करायचं?

तळटीप: असहमत. हा जुनाच पाठभेद आहे. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस (इ.स. दुसरं शतक) कॉरिंथमधली मुलांची समाधी नोंदवतो, नावंही देतो, मेरमेरॉस आणि फेरेस, आणि त्यांना कॉरिंथकरांनी दगडांनी मारलं असं सांगतो. आईच्या हातून खून हा बहुधा युरिपिडीसचाच बदल. त्याने कथा फिरवली तर प्रतिभा, वोल्फबाईंनी फिरवली तर साचा?

पूर्वरंग: पाठभेद मान्य. पण तिचं गाऱ्हाणं 'दुसरी केली' एवढंच नाही, जेसनने देवांच्या साक्षीने घेतलेली शपथ मोडली हे आहे. त्याच्यासाठी भावाला मारून तिने माहेर तोडलंय, परतायला घर नाही. म्हणून ती जेसनला जिवंत ठेवते आणि त्याचा वंश संपवते. खून वगळला की हा हिशोबच उरत नाही.

अर्धविराम: मेडूसाचं, त्या सापांच्या केसांच्या राक्षसीचं, तर याहून वाईट. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडकडे समुद्रदेव पोसायडन तिच्याशी फुललेल्या कुरणात रत होतो. देऊळ नाही, शाप नाही. देवळातला बलात्कार आणि केसांचे साप हे ओव्हिडचं, म्हणजे सुमारे सातशे वर्षांनंतरच्या रोमन कवीचं. तेच 'मूळ ग्रीक कथा' म्हणून खपतंय.

तळटीप: त्याच ओव्हिडने पेनेलोपी, ब्रिसेइस, अरिआडनी, मेडिआ यांच्या तोंडची पत्रं लिहिली. बायकांची बाजू मांडणं आजचं खूळ नव्हे. आणि होमरच्या ओडिसी महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गातल्या, नायक ओडिसिअसच्या घरच्या बारा दासी? त्याच्या बायकोच्या मागे लागलेल्या पुरुषांशी संबंध ठेवले म्हणून त्यांना मारतात. आधी त्यांच्याकडून त्या पुरुषांची प्रेतं उचलून घेतात, आसनं धुऊन घेतात. ओडिसिअस तलवारीने मारायला सांगतो. त्याचा मुलगा टेलेमाखस म्हणतो, यांना स्वच्छ मरण नको, आणि जहाजाच्या दोराने फाशी देतो. त्या प्रसंगात त्यांना एकही वाक्य नाही. हे नव्याने लिहायचं नाही?

पूर्वरंग: जरूर लिहा. तिथे जागाच रिकामी आहे. मेडिआ मात्र भर रंगमंचावर म्हणते, ढाल घेऊन तीनदा लढाईत उभी राहीन, एकदा बाळंत होणं नको. तिला आणखी कोणता आवाज द्यायचाय?

तळटीप: म्हणजे तक्रार पुनर्कथनांवर नाही, एका कादंबरीच्या शेवटावर आहे. मग सगळ्यांना एका साच्यात का कोंबलंत?