विशेष नोंदणी: २१ मार्च आणि २५ एप्रिलच्या आत

प्रेषक: शुभदा
दिनांक: ६ मार्च २००३

नमस्कार मंडळी,

पाकिस्तानी-बांगलादेशी शेजाऱ्यांसाठी बरेच जण विचारताहेत, शिवाय आपल्याकडच्या काही कोकणी मुसलमान घरांची कराचीशी सोयरीक आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. अमेरिकन सरकारनं २५ देशांच्या यादीतल्या नागरिक पुरुषांना ठरल्या मुदतीत इमिग्रेशन कचेरीत जाऊन करायला लावलेली ही नोंदणी.

भारत यादीत नाही. यादी नागरिकत्वावर आहे, धर्मावर नाही, असं सरकार म्हणतं. उत्तर कोरिया वगळून बाकीची २४ नावं वाचा, रोख कळेल. रत्नागिरीची मुलगी भारतीय पासपोर्टवर असेल तर तिनं जायचं नाही. बायकांना ही नोंदणी मुळात नाहीच. पण तिचा नवरा पाकिस्तानी नागरिक असेल, ३० सप्टेंबर २००२ पर्यंत आलेला असेल, तर एच-१बी हा नोकरीचा व्हिसा असला तरी त्याला जावं लागेल. मुलगा १३ जानेवारी १९८७ ला किंवा त्याआधी जन्मलेला असेल तर त्यालाही. ग्रीन कार्डवाल्यांना सूट आहे. पाकिस्तान आणि सौदीची मुदत २१ फेब्रुवारीवरून २१ मार्चवर गेली. बांगलादेश, इंडोनेशिया, इजिप्त, जॉर्डन, कुवेत यांना २५ एप्रिल.

नोंदणीची कचेरी न्यूअर्कला ९७० ब्रॉड स्ट्रीट, न्यूयॉर्कला २६ फेडरल प्लाझा. १ मार्चपासून आयएनएस, म्हणजे इमिग्रेशनचं खातं, बरखास्त होऊन होमलँड सिक्युरिटीत गेली, इमारती त्याच आहेत. सोबत पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद असलेला कागद), घराचं लीज, नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र. बोटांचे ठसे, फोटो आणि शपथेवर जबाब होतो. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावं, अंदाजानं तारीख ठोकून देऊ नये, कारण पुढे तीच खोटी ठरते. पाकिटातली क्रेडिट कार्डंसुद्धा पाहतात, तेव्हा पाकीट हलकं ठेवा. निघताना आय-९४ वर नोंदणी क्रमांक लिहिलाय का बघा. तो नसेल तर नोंदणी केल्याचा पुरावाच हातात नाही.

त्यानंतर पत्ता, नोकरी, कॉलेज यांतलं काही बदललं की १० दिवसांत ते इमिग्रेशनला कळवणारा एआर-११ एसआर फॉर्म. देश सोडताना ठरलेल्या विमानतळावरूनच जायचं आणि त्याच दिवशी तिथल्या अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचं. लोक चेक-इन करून थेट गेटवर जातात आणि हेच राहून जातं. मग परत यायला व्हिसा मिळत नाही.

— शुभदा

प्रेषक: अनिल
दिनांक: ६ मार्च २००३

शुभदाताई,
माहिती उत्तम. पण कागद चोख असतील तर भ्यायचं कारण काय? आणि चोख नसतील, तर मंडळानं त्यात का पडावं?
— अनिल

प्रेषक: शुभदा
दिनांक: ७ मार्च २००३

अनिलराव,

कागद चोख की नाही, हे खिडकीपलीकडचा माणूस ठरवतो. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसला शेकडो इराणी आपल्या पायांनी नोंदणीला गेले आणि आत अडकले. त्यांतल्या कित्येकांचे ग्रीन कार्डाचे अर्ज सरकारकडेच पडून होते. इमिग्रेशन कायद्याचं २४५(आय) हे कलम असंच आहे. ३० एप्रिल २००१ पर्यंत ज्यांच्यासाठी अर्ज गेला, त्यांना व्हिसा संपलेला असूनही एक हजार डॉलर दंड भरून इथेच ग्रीन कार्ड मागता येतं. पण निकाल लागेपर्यंत तो माणूस कागदोपत्री 'आउट ऑफ स्टेटस', म्हणजे बेकायदाच. सरकारच्या विलंबाची किंमत तो भरतो.

म्हणून ज्याचा व्हिसा एक दिवसही संपला आहे, त्यानं आधी इमिग्रेशन वकील गाठावा, आणि जी-२८ वर (वकीलपत्राचा फॉर्म) सही करून वकिलाला सोबतच न्यावं. इथे सरकारी वकील फुकट मिळत नाही, तो फौजदारी खटल्यात. न जाणं हा उपाय नव्हे, कारण नोंदणी चुकवणं हाही डिपोर्टेशनचा आधार होतो. आणि कॅनडाला पळण्याचा सल्ला तर कुणी देऊच नये. ३० जानेवारीपासून कॅनडावाले मुलाखतीची तारीख देऊन परत पाठवतात, मग सरहद्दीच्या या बाजूला अमेरिकन अधिकारी पुरुषांना धरतात. बायका-मुलं सरहद्दीजवळच्या बफेलोच्या निवाऱ्यांत थांबलेली आहेत.

— शुभदा

प्रेषक: इक्बाल
दिनांक: ७ मार्च २००३

सलाम आणि नमस्कार,

शुभदाताईंनी लिहिलं त्यात आतलं थोडं घालतो.

नोंदणीला गाडी घेऊन एकट्यानं जाऊ नये. माणूस आत राहिला तर गाडी टो होते. सोबतचा माणूस नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असावा. घरी एक फाइल: सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, ए-नंबर (इमिग्रेशनचा फाइल क्रमांक) असेल तर तो, डॉक्टरचं औषधांचं पत्र. गोळ्या दारातच काढून घेतात, पत्र मात्र वकिलाला दाखवता येतं. बँक खात्यावर बायकोचं नाव, शाळेच्या इमर्जन्सी कार्डावर एखाद्या शेजारणीचं.

फोनचं विसरू नका. तुरुंगातून कलेक्ट कॉल (पैसे घेणाऱ्यानं भरायचा) येतो आणि सेलफोन तो घेत नाही. घरी लँडलाइन हवीच, तीही कलेक्ट कॉल ब्लॉक नसलेली. माणूस आज एलिझाबेथ गावच्या कोठडीत, उद्या पॅटर्सनच्या पसेइक काउंटी जेलमध्ये, परवा दुसऱ्याच राज्यात असू शकतो. शोधायचं तर डिपोर्टेशन ऑफिसला फोन करून ए-नंबर सांगावा लागतो. नुसत्या नावावर 'मोहम्मद' आणि 'खान' शेकड्यांनी निघतात. त्यानं आपल्या वकिलातीला कळवा असं सांगितलं तर अधिकाऱ्यांना कळवणं भाग आहे.

आत "लवकर सुटशील" म्हणून कागद पुढे केले तर वकिलाला विचारल्याशिवाय सही नाही. डिपोर्टेशनच्या हुकमावर सहसा १० वर्षं येता येत नाही. स्वखुशीनं निघून जाण्याची परवानगी वेगळी. मात्र वर्षाहून जास्त बेकायदा राहिलेल्याला तीही १० वर्षांतून वाचवत नाही. सुटून आल्यावर घर बदललं तर कोर्टाला ५ दिवसांत ईओआयआर-३३ हा पत्ताबदलाचा फॉर्म द्यायचा. एआर-११ दिला म्हणजे कोर्टाला कळलं असं होत नाही. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि गैरहजेरीत हुकूम निघतो. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

अनिलराव, मंडळानं कशाला, तर बाँडसाठी, म्हणजे सुटकेच्या जामिनासाठी. कमीत कमी १५०० डॉलर, बहुधा बरेच जास्त. कॅशियर्स चेक घेऊन इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसानंच जायचं असतं, आणि त्या घरात असा माणूस कधी कधी एकही नसतो. १०,००० किंवा वरचा बाँड सरकारनं सुरुवातीलाच लावला असेल, तर न्यायाधीशानं सोडलं तरी सरकार एक फॉर्म भरून सुटका अडवू शकतं. ऑक्टोबर २००१ चा नियम आहे. म्हणून वकिलानं पहिल्या आकड्यासाठीच भांडावं.

पैसे केस संपल्यावर परत मिळतात, पण भरणाऱ्यालाच, आणि माणूस प्रत्येक तारखेला हजर राहिला तरच. मूळ पावती भरणाऱ्यानं स्वतःकडे ठेवावी. हरवली तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

— इक्बाल